लाल शाईतले तीन शेरे

प्रिय रम्शीना,

तुला 'प्रिय' म्हणायचा हक्क मी केव्हाच गमावलाय, तरी लिहिते. तुझा पत्ता आपल्या कॅन्टीनच्या शशिधरनने दिला. तू कोझिकोडच्या एका इस्पितळात आपल्यासारखंच मशीन सांभाळतेस, हेही त्याच्याकडूनच कळलं. वर मला म्हणाला, "सहा वर्षांनी आठवण झाली होय, चेची?" मी केळ्याची पझमपोरी घेतली आणि खाली आले.

आपलं तळघर आहे तसंच आहे. आपलं पेशी तपासायचं मशीन, फ्लो सायटोमीटर, तेवढं नवं आलंय. वरच्या चार मजल्यांवरचे कॅन्सरचे संशोधक वहीत वेळ लिहून येतात, पेशी एकेक करून लेझरपुढून सोडतात, पडद्यावरचे ठिपके घेतात आणि जातात. दार लागलं की मी आणि मशीनची घरघर. अम्मा गेल्यापासून घरी तर वेळ लिहूनही कुणी येत नाही. तू वेळ संपल्यावरही थांबायचीस. बाहेरच्या बाकावर थर्मासमधला बिनदुधाचा कट्टन चहा ओतत धाकट्या बहिणीच्या हक्काने म्हणायचीस, "चेची, तुमचं या मशीनशी लग्न लागलंय. आता नांदा." मी रागावल्यासारखं करायची. खरं तर दिवसभर त्या चहाची वाट बघायची.

निरोगी रक्ताची आपली पद्धत तुला आठवत असेल. रुग्णाच्या पेशींशेजारी ठेवायला धडधाकट माणसाचं रक्त हवं, म्हणून आपल्यापैकीच कुणीतरी दंड पुढे करायचा. नर्स नळीवर ज्याचा त्याचा ठरलेला क्रमांक तेवढा टाकायची. आपला क्रमांक देणाऱ्यालाच ठाऊक; देणारा कोण, हे वापरणाऱ्याला कळायचं नाही.

त्या जूनमध्ये सात नंबरच्या नळीत तुला ठिपक्यांचा एक छोटासा पुंजका दिसला. निरोगी रक्तात तो असायला नको होता. मी म्हणाले, नीट धुतलं नसशील, आधीच्या रुग्णाच्या पेशी मशीनमध्ये राहिल्या असतील. वहीत लाल शाईने शेरा मारला. पुढच्या आठवड्यात सात नंबरच्याच नव्या नळीत पुन्हा तोच पुंजका, त्याच कोपऱ्यात. दुसरा शेरा. तिसऱ्या खेपेला तू हट्टाने दोनदा धुतलंस, मला शेजारी उभं करून. पुंजका तिथेच. तेव्हा तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "माझं जाऊ द्या, चेची. पण हा सात नंबर जो कुणी असेल, त्याला सांगायला हवं ना? बिचाऱ्याला ठाऊकही नसेल."

मी तिसरा शेरा मारला. तीन शेरे झाले की त्या विद्यार्थ्याला मशीन तीन महिने बंद, हा नियम मीच केलेला. त्या तीन महिन्यांत तुझी शिष्यवृत्ती संपली आणि पीएचडी अर्धवट टाकून तू गेलीस. जाताना माझ्याकडे बघितलंही नाहीस. पुढे निष्काळजी म्हणून तुझं नाव चार मजल्यांवर झालं. लोक बोलत होते आणि मी ऐकून घेत होते.

सात नंबर मी होते, रम्शीना.

पहिल्या वेळी मला खरंच तुझी चूक वाटली. दुसऱ्या वेळी शंका आली. तिसऱ्या वेळी मशीन धुतलं जाताना मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी हात शाईकडेच गेला. मी घाबरले. तुझी चूक म्हटली की माझं रक्त निरोगी राहत होतं, एवढाच माझा हिशेब. त्यानंतर मी कधी दंड पुढे केला नाही. अशक्तपणाचं निमित्त सांगत राहिले.

या ओणमच्या आधी मानेवर गाठी हाताला लागल्या. डॉक्टरांनी अहवाल समोर धरला. तोच कोपरा, तोच पुंजका, आता मुठीएवढा. रक्ताचा कॅन्सर आहे, पण सावकाश वाढणारा. लगेच औषध नको म्हणाले, दर तीन महिन्यांनी तपासत राहू. मी जुन्या साठ्यातून तुझी फाइल काढली आणि दोन्ही चित्रं शेजारी लावून बघत बसले. तू अगदी बरोबर होतीस.

काल ती वही काढून तिन्ही शेरे खोडले. पुढे लिहिलं, "मशीन स्वच्छ होतं. रक्त माझं होतं. मुलीने बरोबर पाहिलं." खाली सही केली. त्या पानाची प्रत संचालकांना आणि तुझ्या गाइडना दिलीय, तिसरी सोबत आहे. संचालक म्हणाले, "ओमना, आता या वयात हे कशाला?" तुझी सहा वर्षं यातून परत येत नाहीत, हे मला कळतं.

आता हे पत्र लिहायचं कारण. माझी पुढची तपासणी तुमच्या इस्पितळात करायला मी डॉक्टरांना सांगितलंय. गुरुवारी सकाळच्या गाडीने नळी पोचेल. नियमाप्रमाणे तिच्यावर नाव नसेल, नुसता क्रमांक, चारशे बारा. तुला हात लावावासा वाटला नाही तर दुसऱ्या कुणाला दे, मी काही म्हणणार नाही. पण लावलास, तर जे दिसेल ते सात नंबरला सांग. तुला तेव्हा सांगायचंच होतं. या वेळी मी ऐकून घेईन.

तुझीच,
ओमनाचेची