गाडीचा पंखा अन् वर्षाचा आठवा

ता. ७ ऑक्टो., मंगळ.
अन् वरून हे म्हणतात, "तुले गाडीतलं काय समजते?" नाही समजत, कबूल. पण इंजनच्या गरमीचा काटा लालवर गेला अन् गाडी मेहकरच्या अलीकडे वाफा टाकत उभी राह्यली, हे तं दिसते ना मले. जाळीमागचा पंखा फिरतच नाही. येत्या मंगळवारी आपल्या लेकीले, वर्षाले, आठवा महिना लागते. आठव्यात तिची सासू उंबरा ओलांडू देणार नाही. सोमवारी पोर देऊळगाव राजाहून आणली तं आणली, नाही तं बाळंतपण तिकडंच. पाय सुजले तिचे, एसटीत कशी बसवू? अन् ह्यांले काही घाई नाही.

ता. ८, बुध.
सलीमभाई मिस्तरी घरी आले. फ्यूज पाह्यला, चांगला. हॉर्नची रिले काढून पंख्याले लावली, तरी नाही. एसी लावला की पंखा फिराले पाह्यजे, तोही नाही. मग बॅटरीवरून थेट दोन वायरी जोडल्या तं भर्रकन फिरला. म्हणजे पंखा चांगला, करंट मधातच अडून राह्यला. कुठं, ते परवा पाहू म्हणे.

गुरु.
वर्षाचा फोन. "मम्मी, बॅग भरू का?" भर म्हटलं. काय सांगणार होते.

ता. १०, शुक्र.
सापडलं. पंख्याजवळचा वायरीचा प्लग आतून गंजून पार हिरवा. सलीमभाईनं विचारलं, "वैनी, इथं काही आंबट-खारट सांडलं का?" दसऱ्याच्या पूजेआधी म्याच बोनट उघडून चिंच-मीठ लावलं, देवाची भांडी घासतो तसं. वरून दोन बादल्या पाणी. चमकलं म्हणून खूष होते.
मी तोंड उघडाच्या आधी हेच सलीमभाईले बोलले, "मीच घासलं बे, दसऱ्याले."
हे तं त्या दिवशी सकाळपासून वावरात, सोयाबीन सोंगत.
"दादा, इंजन हाय, समई नाही," सलीमभाई म्हणे. हेही हसले. मी चहा ठेवाले आत गेले.

ता. ११, शनि.
नवा प्लग बसला. काटा मधात आला की पंखा आपोआप सुरू. हे म्हणतात, उद्या मेहकरपर्यंत नेऊन पाहू, चढावर टिकते का. बरोबर आहे. पोटुशी लेक रस्त्यात उभी नको.
तुम्ही ही वही वाचता, मले माहीत आहे. तोंडावर बोलणं मले जमत नाही, म्हणून इथं लिहिते. चूक माही होती. तुम्ही आपल्या अंगावर घेतली. बरं वाटलं.
आता उद्या रविवारी, दिवाबत्तीच्या आत सांगा. आपली गाडी नेता, का मी दुसरी भाड्याची पाहू? सोमवारी मी निघणारच आहे.