गिअरबॉक्समधला भुसा

कर्जत, बुधवार, २० नोव्हेंबर १९४६

डोकं अजून तापलेलंच आहे. लॉरी विकायची, म्हणून आमचा ड्रायव्हर कासम याला गिअरबॉक्सचं जुनं तेल काढून नवं भरायला सांगितलं होतं. दुपारी खालापूरपर्यंत नेऊन आणली, तर दाते झिजलेली ती गिअरबॉक्स चक्क गप्प. मी कासमची पाठसुद्धा थोपटली. मग तेल पुरेसं आहे का बघायला बूच काढून बोट घातलं, तर बोटाला लाकडाचा भुसा. आवाज दाबायला त्यानं तो तेलात कालवला होता.

"भाऊसाहेब, विकायच्या गाडीत समदेच घालतात," वर मलाच समजावतो.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं, कडावचे नारायणराव. सौदा मोडला तर मोडला, असं ठरवून मी त्यांना सगळं सांगितलं. भुसा काढूनच गाडी देतो, म्हटलं. ते हसायला लागले.

"येवडी जुनी लॉरी गप बसली तवाच मी वळखलं. ऱ्हाऊ द्या भुसा. मला तरी कुठं ठेवायची हाय? पनवेलचा एक जन घेतोय माझ्याकडनं, घाटात चालवायला."

म्हणजे मी खरं बोललो आणि भुसा होता तिथंच राहिला. सांगून टाकलं की आपण सुटलो का? घाटाच्या उतारावर गिअर सुटला, तर त्या पनवेलच्या माणसाला कुणी काय सांगितलेलं असणार?

सकाळी नारायणराव यायच्या आत मी स्वतःच ते तेल काढणार आहे. ते पुन्हा भुसा घालतीलही. पण माझ्या दारातून लॉरी ओरडतच बाहेर पडेल.