इंटरवलमध्ये हाललेली बंडी

तीर्थरूप काकाजी,

याही चिठ्ठीत तुमी तेच लिहिलं का सोयरीक मनोहरच्या तोंडानं मोडली. तोंड माझंच होतं, हे मी नाही म्हणत नाही. पण बैलबंडी कोणं हालवली? तीन वर्सं झाले, याचा जवाब मले भेटला नाही. असो. पाया पडतो. तुमचा गुडघा कसा आहे, काकूचा खोकला गेला का, ढवळ्या चारा खाते का, सारं कळवा. मी राउरकेल्यात मजेत आहो. (मजा म्हणजे दिवसभर भट्टीपुढं उभं राहणं आन् भात खाणं. भाकर दिसाले नाही.)

रामाजीची टुरिंग टाकीज बंद झाली, लोकाईले आता पक्क्या टाकीजीतल्या खुर्च्या पायजेत, हे वाचून घास गेला नाही. इथं एक जण सांगून राहिला का अमेरिकेत लोक मोटारीत बसल्या बसल्या सिनेमा पाहतात. मी म्हटलं, त्यात काय गा, आमी खाप्याले बंडीत बसून पाहत होतो, आन् आमची बंडी पेट्रोल बी पीत नव्हती. बैल सोडून मागं बांधाचे, धुरेखाली लाकूड टेकवाचं, कुटाराच्या भुशावर गोधडी टाकाची का झालं. रामाजी आधी बंडीमागं तिकीट घे, तर नदीपलीकडच्यांनी एका बंडीत अख्खी आळी आणली. मग तो माणसं मोजाले लागला, तर लेकरं कुटाराखाली गेले. एक डाव कुटार शिंकलं. रामाजीनं कुटाराचंही तिकीट फाडलं.

आता आपल्या भांडणाचं. पोरगी पाहाले घरी जाचं नाही, नंतर नाही म्हणणं जड जाते, असं तुमीच ठरवलं. दोन बंड्या टाकीजीत शेजारी लावाच्या, इंटरवलच्या उजेडात पोरानं पोरगी पाहाची, कोणी कोणाशी बोलाचं नाही. (आपल्याकडच्या अर्ध्या सोयरिकी अशाच जुळल्या.) आपली बंडी कडुनिंबाखाली, बाजूले पोरीच्या बापाची, खापरखेड्याच्या मधुसूदनरावाची. उजेड झाला. प्रेमिला माझ्याकडं नाही, पडद्याकडं पाहून राहिली होती, आन् पडद्यावर तवा काहीच नव्हतं. मले ती तिथंच पसंत पडली. खुशीत मी भजे आणाले गेलो. तितक्यात पुढच्या पागोटेवाल्यामुळं तुमाले दिसेना, म्हणून चार गडी लावून तुमी आपली बंडी दोन ओळी पुढं ढकलली. निंबाखालची जागा मोकळी झाली तर, दव लागते म्हणून, मधुसूदनरावानं आपली तिथं घातली. मी आलो तवा अंधार झाला होता. निंबाखालच्या बंडीत चढलो, डोईवर पदर घेतलेल्या बाईच्या हातात भजे देले आन् कानाशी म्हटलं, "काकू, पोरगी लाखात एक आहे वं. पण तिची माय नुसत्या नजरेनं पापड भाजत असन. पोरगी आणू, मायले दूरच ठेवू."

बाई भजे खात राहिली. तुमीच समजून मी मधुसूदनरावाच्या मांडीले टेकून बाकीचा सिनेमा पाहिला, तेही बिचारे सरकले नाही. दिवे लागले तवा समोर तुळसाबाई, म्हणजे माझ्या होता होता राहिलेल्या सासूबाई. त्या इतकंच बोलल्या, "पोरगा खरं बोलते. पण अंधारात बोलते." मागं प्रेमिला तोंडात पदर कोंबून हासून राहिली होती. मग त्यांनी बैल जुंपले.

तर सांगा, चूक कोणाची?

तुमचा पुतण्या,
मनोहर

ता. क. मधुसूदनरावाचा भाचा इथं माझ्याच पाळीत लागला आहे. तो म्हणते, प्रेमिलानं दोन स्थळं नाकारले. काहून, तर म्हणे, दोघं बी मायशी लयच गोड बोलत होते.

ता. क. दुसरा. काकाजी, भांडण मी मागं घेतो. बंडी आपोआप हालली असं मी चारचौघांत सांगीन. तुमी गुडघ्याकडं पाहू नका, खापरखेड्याले जाऊन एक डाव विचारून या. मी बोललो ते खरं होतं का असं तुळसाबाईनं विचारलं, तर पोरीबद्दलचं होतं म्हणा. जाताना नागपुराहून त्यांच्यासाठी चांगलं नऊवारी घ्या, आन् त्या नाही म्हणाल्या तरी ते वापस आणू नका. लुगड्याचे आन् एसटीचे धरून मनीऑर्डर करून राहिलो, रुपये एकशे एक्कावन्न.