काकांचा टेम्पो आणि माझा करारीपणा

१ मार्च, शुक्रवार
वकिलांचा फोन. काका जाताना त्यांचा टेम्पो माझ्या नावावर करून गेले. दोनदा विचारलं, माझ्याच ना? वकील म्हणाले, तुमच्याच, आणि आता सही करायला या.
छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात दुपारभर हात चालला नाही. एका जाडजूड कोशाला उलटा पुठ्ठा लावला. फोरमनने तो सुलटा करून माझ्यापुढे ठेवला. काका गेल्याचं दुःख आहेच. त्यात हा आनंद कुठे ठेवावा कळत नाही.

२ मार्च
काकूंना भेटून आलो. काकांनी हयातभर तो टेम्पो कुणाला दिला नाही. सख्ख्या मेहुण्यालासुद्धा दारातून परत पाठवलं होतं. मग मलाच का, असं भीत भीत विचारलं. काकू म्हणाल्या, "अरे, सगळ्यांनी एकदा तरी मागितला होता. तूच एकटा कधी मागायला आला नाहीस."
म्हणजे काकांनी माझ्यातला करारीपणा ओळखला होता. (मागायचं तीनचारदा मनात आलं होतं. फाटकापर्यंत गेलोही होतो. पण ते काकांना कळायचं कारण नाही.)
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, चालवणार कोण? बायकांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं. सोमवारपासून ड्रायव्हिंग क्लास.

३ मार्च, रविवार
सकाळी प्रार्थनेला बसलो आणि निश्चय केला. ही काकांची ठेव आहे. घरच्या कामाखेरीज टेम्पो हलणार नाही. मित्र मित्राच्या जागी.
साडेनऊला आमचा मित्र कंपाउंडर आला. त्याला दुकानातून नवी गादी आणायची होती. गादी म्हणजे काही सामान नव्हे, अंथरूण आहे. अंथरुणाला नाही म्हणणं माणुसकीला धरून नाही. आमचा दुसरा मित्र उस्ताद, त्याने चालवला, मी मागे गादी धरून बसलो. कंपाउंडर पुढे बसला, त्याला वारा लागतो म्हणून.
नियम उद्यापासून.

५ मार्च
ड्रायव्हिंग क्लास राहिला. शिकवणारे गृहस्थ फारच तरुण वाटले. अशाने आत्मविश्वास येत नाही.

६ मार्च
काम करताना एक विचार सुचला. पानाला समास का सोडतात? मशीनवर कड कापताना मजकूर कापला जाऊ नये म्हणून. माणसालाही असा समास हवा. चारी बाजूंनी थोडी कोरी जागा, तिथे कुणी लिहायचं नाही. गावच्या शाळेत गुरुजी समास न सोडणाऱ्याला बाकावर उभं करत. मी नेहमी सोडायचो. शेजारचा मुलगा त्यात चित्रं काढायचा, ती गोष्ट वेगळी.
संध्याकाळी आरशासमोर ‘नाही’ म्हणायची प्रॅक्टिस केली. छान जमलं. लेक दारातून म्हणाली, बाबा, दात दुखतोय का?

८ मार्च
आपली गल्ली अरुंद. टेम्पो लावला की शेजारच्यांची सायकल अडकते. उस्तादने आपणहून सुचवलं की माझ्या अंगणात लाव. किल्लीही तोच ठेवतो म्हणाला, उगाच तुला ये-जा नको. याला म्हणतात मित्र. त्याला उस्ताद म्हणतात ते उगाच नाही. आजवर सगळे धंदे करून पाहिलेत आणि प्रत्येकातलं त्याला थोडंथोडं येतं.
किल्ली त्याच्याकडे, अधिकार माझ्याकडे. सीमारेषा स्पष्ट आहे.
हिला सांगितलं. ही म्हणाली, वा.

१० मार्च, रविवार
कंपाउंडरच्या मेव्हण्याने घर बदललं. जायचं नाही असं ठरवून गेलो. मालक म्हणून हजर असलेलं बरं. लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवताना माझी पाठ धरली. मेव्हणे कंपाउंडरला विचारत होते, हा हमाल कुठून आणलास, फार नम्र आहे. कंपाउंडर काहीतरी हसून बोलला. बहुतेक खुलासा केला असावा.

११ मार्च
पाठ. क्लास रद्द.

१३ मार्च
लेकीला नोकरी लागली! दोन गावं पलीकडे, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथे खोलीही बघितली तिने. चोवीस तारखेला, रविवारी, सामान हलवायचं. ही सारखी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून येते आणि धूर झाला म्हणते. गॅसला कसला आलाय धूर.
जेवताना लेक म्हणाली, "बाबा, आपल्याच गाडीतून जाऊ ना? उस्तादकाकांना चालवायला सांगू. तुम्ही माझ्या शेजारी बसा, मी खिडकीशी." लहानपणी बसमध्ये बसायची तशी.
मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? ठेव मिळाली ती याचसाठी. काका आज असते तर त्यांनीसुद्धा दिला असता. (कदाचित.)
बराच वेळ देवाजवळ बसलो. मागायचं काही नव्हतं.

१८ मार्च
उस्तादला चोवीस तारखेचं सांगायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, या रविवारी टेम्पो मला लागेल. कशाला ते अजून ठरायचंय, पण लागेल. मग म्हणाला, तुझ्यासारखा मित्र आहे म्हणून मी निर्धास्त असतो. आणि माझ्या पाठीसाठी तेलाची बाटली दिली.
अशा वेळी धाडकन बोलणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, बघतो. ‘बघतो’ हा सभ्य माणसाचा नकारच असतो. त्याला कळलं असणार.

१९ मार्च
कळलं नाही. कंपाउंडर सांगत होता, उस्ताद सगळीकडे सांगतोय की रविवार पक्का झाला.
उद्या जाऊन तोंडावर नाही म्हणणार. शांतपणे, प्रेमाने, पण ठाम. तसं कागदावर लिहूनही काढलं.

२० मार्च
आज जन्मात पहिल्यांदा ठाम ‘नाही’ म्हटलं. आवाज कापला नाही. नजर वळवली नाही. कारणं दिली नाहीत. समोरच्याने ऐकूनही घेतलं. भांडण नाही, रुसवा नाही. उगाच इतकी वर्षं घाबरत होतो.
लेकीला म्हटलं. रविवारी गाडी मिळणार नाही, दिलेला शब्द मोडता येत नाही. तिने हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "बरं, बाबा."
संस्कार चांगले आहेत.
(उस्तादकडे जाणार होतो, पण त्याच्या दाराला कुलूप होतं. लांबून तरी तसं वाटलं.)
ही आज बोलत नाही. भांडी मात्र बोलताहेत.

२१ मार्च
नीट विचार केला. आपल्या माणसांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड, आणि मी थेट तिथूनच सुरुवात केली. आता मित्र म्हणजे किस झाडकी पत्ती.

२२ मार्च, शुक्रवार
घरचा प्रश्न सुटला. फर्निचरच्या दुकानातून कुणीतरी भाड्याची गाडी पाठवणार आहे. हिनेच फोन करून ठरवलं. मोठी गाडीच पाठवा आणि माणूस ओळखीचा असू द्या, असं सांगत होती. फोन ठेवून माझ्याकडे बघून हसली. दोन दिवसांनी. म्हणजे राग गेला.
संध्याकाळी उस्ताद भेटला. त्याचं रविवारचं काम ठरलं. एका मुलीचं सामान पोचवायचंय, पत्ता दुकानदार सकाळी देणार. मंडळी आपणहून काहीतरी देणारच म्हणतात, तो नको म्हणतो, पण ऐकत नाहीत. गेल्या खेपांनाही असंच झालं म्हणे. भिडस्त माणूस. पुढे म्हणाला, पोरीच्या बापाकडे स्वतःची गाडी आहे, पण पोरीला द्यायला तयार नाही.
मी थक्क झालो. कसले एकेक बाप असतात. आम्ही दोघांनी त्या गृहस्थांबद्दल बराच वेळ हळहळ व्यक्त केली. मी म्हटलं, माझा टेम्पो अशा मुलीच्या कामी येतोय याचं समाधान आहे. रात्रीच्या प्रार्थनेत त्या बापाला सद्बुद्धी मागितली.

२४ मार्च, रविवार, सकाळी ७
सामान बांधून दारात. गादी, बादली, पुस्तकांची खोकी (मी स्वतः बांधली, एकही सुटायची नाही), हिने दिलेले डबे. भाड्याची गाडी यायची आहे. ड्रायव्हरशी मीच बोलेन. परक्या माणसाशी पहिल्यापासून अंतर ठेवलेलं बरं, नाहीतर डोक्यावर बसतात.
हॉर्न ऐकू येतोय. ओळखीचा वाटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
काय लिहावं.
काकांचा टेम्पो आमच्या दारात. उस्ताद खाली उतरला, हातातली पत्त्याची चिठ्ठी बघितली, घर बघितलं, मला बघितलं. मग चिठ्ठी उलटी करून पाहिली. मी म्हटलं, तू? तो म्हणाला, अरे, तू?
ही मात्र पदर खोचून तयार होती. "या भाऊजी, वेळेवर आलात. आपण घरचे म्हणून मागत होतो तेच चुकलं. परक्यासारखं मागवलं की गाडी कशी दारात येते."
उस्तादचे कान लाल झाले. भाडं घेणार नाही म्हणाला, वहिनी लाजवू नका म्हणाला. हिने त्याच्या खिशात कोंबलं. म्हणाली, आमच्याकडे फुकट नेण्याची पद्धत नाही, यांना विचारा. लेक तोंडाला ओढणी लावून हसत होती. मीही हसलो, कारण चौघांत एकटाच गंभीर राहणं बरं दिसत नाही.
पुढे लेक खिडकीशी बसली. शेजारी ही, कारण मधली जागा एकच होती आणि भाडं हिने दिलं होतं. मी मागे, गादीवर. मधल्या काचेतून लेकीची वेणी दिसत होती. वाटभर त्या वेणीकडे बघत होतो. वेणी एकदाही वळली नाही. मग एका चढावर वळली. बाबा, धरून बसा, असं काचेपलीकडून ओठ हलले.
खोली चांगली आहे. पूर्वेला खिडकी. सामान मीच चढवलं, यात आता माझा हात कुणी धरणार नाही. मग म्हटलं, थांबतो थोडा, खोकी सोडून देतो, पुस्तकं लावून देतो.
"नको, बाबा. माझं मी करते."
रागाने नाही. गोड बोलली, माझ्या शर्टाच्या कॉलरची धूळ झटकली आणि दारापर्यंत सोडायला आली. कुठून शिकली कुणास ठाऊक. आमच्या घराण्यात हे कुणाला जमत नाही. काका सोडून.
खाली आलो तर उस्तादने परतीचं सामान भरून ठेवलं होतं. रिकामी गाडी नेणं परवडत नाही म्हणाला. एक जुनं लाकडी कपाट, त्याला कडी नाही. ही पुढे बसून उस्तादशी गप्पा मारत होती, चांगल्या मोठ्याने. प्रत्येक वळणावर कपाटाचं दार उघडायचं. शेवटी मी त्याला पाठ लावून बसलो, गावापर्यंत.
कपाट कुणाचं, ते विचारायचं राहिलं.