धुरपताबाईंच्या शेतातलं शिसं

१४ जून १९८७, रविवार
पाच महिने या वहीत एक ओळ नाही. कारणं शोधली तर सापडतील, म्हणून शोधत नाही. क्षमा असावी. (कोणाची मागतो आहे, कोण जाणे.) आजपासून नियमित, आणि फक्त खरं.

विषय: पालमजवळ ओढ्याकाठचं धुरपताबाईंचं दीड एकर. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी एक भट्टी होती. दोन वर्षांपूर्वी मालक ती बंद करून निघून गेला. भट्टीचं सांडपाणी मात्र बाईंच्या शेतात मुरलेलं. फेब्रुवारीत मी माती तपासून घेतली. शिसं भरपूर. तेव्हापासून माझ्या सांगण्यावरून बाईंनी मेथी-शेपू बंद केली. बाजारातल्या त्यांच्या जागेवर आता दुसरीच बाई बसते.

रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून शब्द दिला आहे: दिवाळीपर्यंत पेरता येईल. उपाय: बेंटोनाइट नावाची चिकणमाती. शिसं तिच्या कणांना चिकटून बसतं, पिकात जात नाही. मासिकात वाचलं. अगदी सोपं आहे.

२१ जून
बोअरच्या कामात हीच माती वापरतात; ओळखीच्या ठेकेदाराकडून सात पोती मिळाली. एस.टी.च्या टपावरून नेली. बांधाजवळ फोडली, शेतात पसरली.

बाईंनी चिमूटभर ओली करून बोटांत चोळली आणि म्हणाल्या, ही तर चिकणमातीच हाय मास्तर, आमच्याकडं ती काय कमी हाय का. मी कणांचे थर, विद्युतभार वगैरे समजावलं. त्यांचा मुलगा मुंजाजी ऐकता ऐकता बैलांना पाणी पाजायला निघून गेला. बाईंनी विचारलं, मग शिसं जातं कुठं? म्हणालो, जात नाही, बसतं. कुठं? तिथंच.

"म्हंजी शेतातच?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर पुढच्या भेटीत सविस्तर देणे.

९ जुलै
पाऊस. माती फुगली. मुंजाजीचा बैल वखरासकट घसरून बसला, उठेना. चार माणसं लागली. मुंजाजी म्हणाला, सरांनी साबण टाकलाय, शेत आता धुऊनच निघतंय. माणसं हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

फुगणं हे बेंटोनाइट अस्सल असल्याचं लक्षण. प्रगती समाधानकारक.

२६ जुलै
लायब्ररीत जमिनीवरचं पुस्तक चाळलं. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती आणि बेंटोनाइट एकाच कुळातली. म्हणजे चिकणमातीत मी सात पोती चिकणमाती टाकली. हे बाईंना बोटांनी कळलं होतं.

त्यांना सांगावं का? विचारांती: नको. त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल. (विज्ञानावरचा की माझ्यावरचा? वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

२० सप्टेंबर
नमुना घ्यायला गेलो. शेत वाळून फरशी झालेलं. कुदळ दोनदा उडाली, तिसऱ्यांदा दांडा निसटला. पाचची बस गाठायची होती. बांधाजवळ, पोती फोडली तिथे, माती भुसभुशीत होती. तिथून घेतला. बांध काही दुसऱ्या गावात नाही.

घरी विमलाने विचारलं, एकाच जागेचा? आठ-दहा जागची माती मिसळायची असं तुम्हीच वर्गात सांगता ना? म्हणालो, ते विद्यार्थ्यांसाठी असतं. बायकोशी असं बोलायला नको होतं.

१७ ऑक्टोबर
अहवाल आला. शिसं नगण्य. आनंद झाला. दहा मिनिटांनी कमी झाला. पोत्यातून सांडलेल्या मातीत शिसं येणार कुठून?

तरी अहवालावर शिक्का आहे.

१८ ऑक्टोबर
बाईंना सांगितलं, पेरा. त्यांनी अहवाल कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवला. मला भरून आलं आणि मी म्हणालो, या शेतातली भाजी मी स्वतः खाईन. हे बोलण्याची काही गरज नव्हती.

दिवाळी चार दिवसांवर. शब्द पाळला. दिवाळीनंतर नीट, दहा जागचा नमुना घेणे.

२२ नोव्हेंबर
घेतला नाही. आधी पेपर तपासणं, मग सर्दी. मुंजाजी बसस्टँडवर भेटला. मेथी लय झ्याक आलीय म्हणाला, आई पुन्हा बाजारात बसायलीय, जुन्याच जागी. माझ्यासाठी एक जुडी आणली होती. विमलाला ती दिली नाही. कुठे टाकली ते लिहीत नाही.

येत्या रविवारी नमुना. नक्की.

२० डिसेंबर, येळवस
चार रविवार गेले.

आज मार्गशीर्ष अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा दिवस. शेतासाठी जो राबला त्याला बोलावणं असतंच, आणि नाही म्हणता येत नाही. कडब्याच्या छोट्या खोपीत पूजा झाली, मग पंगत. आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भाजी मात्र त्यांच्याच शेतातली. बाईंनी मला सगळ्यांत आधी वाढली, भरपूर.

म्हणालो, पोट जरा बिघडलंय. बाकी सगळं जेवलो. समोर त्यांची सून अनसूया, सातवा महिना, भाजी दुसऱ्यांदा मागून घेत होती.

बाई वाढता वाढता माझ्यापाशी थांबल्या. आवाज चढवला नाही.

"आंबील दोन पेले पिली मास्तर, खीर खाल्ली. अन् पोट भाजीलाच बिघडलं व्हय?"

मी म्हणालो, अहवाल उत्तम आहे.

"अहवाल मला वाचता येत न्हाई. ताट दिसतंय."

मी खाली बघितलं. त्या पंगत ओलांडून गेल्या आणि अनसूयाच्या पुढची भाजी उचलून घेतली. पोरीला वाटलं, जास्त मागितली म्हणून. तिने मान खाली घातली, ओठ पुसले. मुंजाजीने विचारलं, काय झालं? बाई म्हणाल्या, काही न्हाई, मास्तरची बस हाय.

बस पाचची होती. तेव्हा अडीच वाजले होते. मी उठलो.

वर 'फक्त खरं' असं लिहिलेलं आहे. या वहीत ते आलं, हे कबूल. वही कोणी वाचत नाही, हेही कबूल.

उद्या: पहिल्या बसने पालम. धुरपताबाई मेथी घेऊन बाजारात बसायच्या आत त्यांना सांगणे, की नमुना बांधावरचा होता.