मयासाच्या छातीवरचा पट्टा

३ नोव्हेंबर, सकाळी ६
उंटांच्या डॉक्टर खलफाननी माझ्या शर्यतीच्या उंटिणीला, मयासाला, सेन्सरचा पट्टा बांधला. मागच्या शर्यतीत ती शेवटच्या वळणावर धापा टाकत बसली, म्हणून. आठवडाभर ठोके बघणार. हृदयात दोष निघाला तर शर्यत कायमची बंद.
दोष म्हणे! सांडणी माझ्या हातची आहे.

दुपारी
मोबाईलवर ठोके चाळीस. छान. शाबासकी द्यायला गेलो. नव्वद! मला बघून आनंद झाला असणार.

५ नोव्हेंबर
पुन्हा तेच. झियाना म्हणाली, अहो, तुम्ही जरा लांब राहा ना. आमच्या बायकोला उंटांतलं काय कळतं? खजूर चारते, तेवढंच.
पट्टा सैल असेल. स्वतः आवळला. एकशे दहा. पट्टाच बोगस.
खलफान म्हणाले, अबू हिलाल, पट्टा ठीक आहे, काळजी मयासाची आहे.

७ नोव्हेंबर
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही. मयासा जन्मली तेव्हा मीच तिला ओढून बाहेर काढलं होतं. तिला काही झालं तर मी काय करू?
दिवसभर तिच्याजवळ बसलो. जोरजोरात धीर दिला. शंभराच्या खाली आलीच नाही.
संकल्प : उद्यापासून दुप्पट धीर.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
सराव. मयासाच्या पाठीवर स्वाराऐवजी छोटा रोबोट, त्यात स्पीकर. मी ट्रॅकशेजारून गाडी हाकत वॉकीटॉकीवर ओरडतोय. दुसऱ्या किलोमीटरला ठोके एकशे सत्तर, पाय अडखळले. वाटलं, गेली! मी आणखी जोरात ओरडलो.
शेजारी बसलेल्या झियानाने वॉकी हिसकावला. हळूच म्हणाली, चल गं माझी राणी. ठोके उतरले, मयासा वाऱ्यासारखी सुटली.
माझं ट्रेनिंग उशिरा लागू पडतं, पण पडतं.

१० नोव्हेंबर
खलफाननी ठोक्यांच्या वेळा ताडून पाहिल्या. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तिला फक्त तुमची धास्ती आहे. कागदावर लिहून दिलं : मालकाचा आवाज वर्ज्य.
डॉक्टर अजून नवखे आहेत.

१३ नोव्हेंबर
शर्यत. गाडीत झियाना. मी घरी, टीव्हीसमोर. मयासा दुसरी आली! खूप ओरडलो. खूप रडलोही.
झियानाला फोन केला. म्हटलं, तिच्या कानाला लाव, अभिनंदन करतो. झियाना म्हणाली, राहू द्या हो, आत्ताच शांत झालीये.
राहू दिलं.