चिठ्ठ्यांची पेटी आणि माझं आमेन

आदरणीय सरजाआक्कास,
धाकट्या सिंधूचा येशूच्या नावानं सलाम. निलंग्याला सगळे खुशाल असतील. दाजींचा गुडघा दुखतच असेल. त्याचं पुढच्या पत्रात विचारते, आधी माझी फजिती ऐक. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोन दिवसभर आमच्या साक्षीच्या हातात, आणि गोष्ट तिचीच आहे.)

तुला ठाऊक आहे, नायगावच्या चर्चच्या मंडळीत बारा वर्षं लेकरांची रविवारची शब्बाथशाळा मीच घेते. मी बाई चौथी शिकलेली, पण वचनं तोंडपाठ. माझी रीत सोपी: वचन आलं तर बिस्किट, चुकलं तर कान. लेकरं घडाघडा म्हणायची, मला वाटायचं विश्वास वाढून राहिलाय. आता नांदेडहून नवे पाळकसाहेब आले, अगदी कोवळे. त्यांनी ड्रम आणले, भिंतीवर पडदा लावला, उड्या मारत म्हणायची गाणी सुरू केली. (मीही मारल्या. दोन दिवस कंबर धरून बसले. हसू नको.) मग म्हणाले, लेकरांनी मनातलं देवाला सांगावं, आणि चिठ्ठ्यांची पेटी ठेवली. मी म्हणाले, ठेवा की! परीक्षेत पास कर, याच्या पलीकडं काय लिहिणार ही कार्टी?

रविवारी भर उपासनेत चिठ्ठ्या वाचायचा मान मलाच. माझं वाचन म्हणजे चिखलातून बैलगाडी काढावी तसं. 'प्र... भू... सिं... धु... का... कू... चा... रा... ग... क... मी... कर.' अर्थ माझ्या आधी सगळ्या मंडळीला कळला. मी सवयीनं जोरात आमेन म्हणाले. मंडळीही म्हणाली, सगळ्यांत मोठा आवाज आमच्या घरधन्याचा. दुसरी चिठ्ठी, तीच मागणी. तिसरीचं अक्षर मात्र साक्षीचं. 'आई प्रार्थनेला बसवते तेव्हा मला देवाचीपण भीती वाटते.' ही मनातच वाचली. चष्मा घरी राहिला म्हणाले आणि खाली बसले. (चष्मा नाकावरच होता.)

तेव्हापासून साक्षी चर्चचं नाव काढत नाही. रविवार आला की तिचं पोट दुखतं. दोन रविवार मी ओवा चारला. अकरा वर्षांची पोर, आत्ताच देवापासून तुटली तर पुढं काय? माझ्या मते दोष ड्रमचा आणि त्या पेटीचा आहे. दाजींसारख्या वडीलधाऱ्यांचा शब्द पाळकसाहेब मोडणार नाहीत. पेटी काढा म्हणून त्यांना दोन ओळी लिहायला लाव.

तुझी,
सिंधू

ता. क. दाजींना काही सांगू नको. पेटी राहू दे. तू कधी कुणाचा कान धरला नाहीस, तरी तुझी तिन्ही लेकरं न सांगता प्रार्थनेला बसतात. ते कसं केलंस ते लिही. आणि लेकराची माफी कशी मागतात तेही लिही. देवाची मागता येते मला. तो समोर बसून टक लावून बघत नाही.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघाले तर साक्षी दारातच उभी. तिथंच माफी मागितली, लई वाकडीतिकडी. ती म्हणाली, "मग आज प्रार्थना मी करते. तू मधी बोलायचं न्हाई." बसले. पोरीनं लई वेळ लावला, कुत्र्यामांजरांसाठीसुद्धा मागितलं. रविवारचं मी काही विचारलेलं नाही. जीभ दाताखाली धरून ठेवली आहे. उत्तर लवकर पाठव, फार दिवस धरवणार नाही.